काळजाची आडवाट



आपल्या उजव्या हाताची तीन बोटे डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाशी, क्षणभर टेकवून पाहा. बोटांखाली जे मंद स्पंदन लागते, त्याला आपण नाडी म्हणतो. स्वस्थ बसलेल्या निरोगी प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देते. म्हणजे एका अहोरात्रात एक लाखाच्या आसपास ठोके! एवढे काम चालू असते, आणि त्याची आपल्याला जाणीवही नसते. काळजाची आठवण होते ती त्याचा ताल चुकला म्हणजेच. ह्या चुकणाऱ्या तालाचा, आणि तो ताळ्यावर आणण्यासाठी माणसाने केलेल्या खटपटीचा इतिहास आज आपणापुढे मांडावयाचा आहे. हा इतिहास बहुतांशी परदेशांत घडला. तथापि त्याचा एक धागा आपल्या गोव्यातूनही गेलेला आहे.

आरंभी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. माझ्या शिक्षकी पेशाची ती पहिली वर्षे. पेडणे तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. कवाईत चालू असताना किंवा फळ्यापाशी उभी असताना ती एकाएकी पांढरीफटक पडे, छातीवर हात ठेवी आणि खाली बसे. दहापंधरा मिनिटांनी आली तशी ती व्यथा निघून जाई आणि पोर पुन्हा हसूखेळू लागे. मी तिला म्हणत असे, "भिऊ नकोस, परीक्षा काही वाघ नव्हे." घरच्यांनी दृष्ट काढली, घाड्याकडे जाऊन कौल लावला. शेजारच्या म्हातारीने तोंडावर गार पाण्याचे हबके मारले, आणि त्याने कधी कधी उतारही पडे. तिची आई एकदा मला म्हणाली, "सर, तिच्या काळजात पाखरू फडफडता." मला ते बोलणे मोठे काव्यमय वाटले. ते अक्षरशः खरे असू शकेल, असे मात्र मनात आले नाही. पुढे कवाईत आणि खेळ ह्यांतून तिचे नाव काढण्यात आले, आणि त्याला माझीही संमती होती. पुढच्या कथेकडे शेवटी वळू.

आता जवळजवळ पाच शतके मागे जाऊ. १५३४ साली गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला आणि १५६८ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. १५६३ साली त्याचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ गोव्याच्याच छापखान्यात छापला गेला. ओर्ता मोठा चिकित्सक माणूस होता. युरोपातील जुन्या ग्रंथांत काय लिहिले आहे ह्यापेक्षा आपल्या डोळ्यांना काय दिसते, ह्यावर त्याचा भर असे. इथल्या हिंदू वैद्यांना तो प्रश्न विचारी आणि त्यांची उत्तरे टिपून ठेवी. त्याच्या ग्रंथात मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही बोलतो. ह्याच ग्रंथात सापाच्या विषावरील एका लाकडाचे प्रकरण आहे. मुंगूस सापाशी झुंजण्यापूर्वी ह्या झाडाच्या मुळीचा आश्रय करते, अशी लोकांत प्रचलित असलेली कथा तो सांगतो. ही वनस्पती म्हणजे आपली सर्पगंधा असावी, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. ह्या थोर माणसाचा शेवट आठवला म्हणजे खेद वाटतो. तो जन्माने यहुदी वंशाचा. त्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये, इन्क्विझिशनच्या हुकमाने त्याची हाडे उकरून जाळण्यात आली. ग्रंथ मात्र जळाला नाही. त्याचा सार लॅटिनमध्ये होऊन युरोपभर पसरला.

गोव्यात इथल्या वैद्यांचा दर्जाही त्या काळी विलक्षण होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात राहून गेलेल्या लिन्सखोटेन ह्या डच प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, व्हाइसरॉय आणि आर्चबिशपसुद्धा आपल्या देशबांधवांपेक्षा ह्या हिंदू वैद्यांवर अधिक विश्वास ठेवीत. पुढे १६१८ मध्ये गोव्याच्या नगरसभेने त्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. परंतु डिचोली आणि पेडणे हे प्रदेश तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हते. डिचोली अठराव्या शतकाच्या नवव्या दशकाच्या आरंभी आणि पेडणे १७८८ मध्ये, सावंतवाडीकर भोसल्यांकडून, पोर्तुगीजांच्या हाती गेले. नव्या काबिजादीतल्या ह्या मुलखात मुळ्यापाल्यांची विद्या घराघरांतून चालत राहिली. सह्याद्रीच्या उतारावरील दमट, सावलीच्या रानांत सर्पगंधा उगवते. हातभर उंचीचे ते झुडूप. फुले पांढरी, देठ तांबडे, आणि सारा गुण मुळांत.

ह्या मुळीचे पुढे काय झाले, ते ऐकण्याजोगे आहे. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या संशोधनशाळेत सलीमुझ्झमान सिद्दीकी ह्या रसायनशास्त्रज्ञाने सर्पगंधेच्या मुळांतून काही द्रव्ये वेगळी काढली. त्यांतील एकाला त्याने आपले आश्रयदाते हकीम अजमलखान ह्यांच्या स्मरणार्थ 'अजमलीन' असे नाव दिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील ह्यांनी रक्तदाबावर सर्पगंधेचा कसा उपयोग होतो, हे ब्रिटिश हृदयविषयक नियतकालिकात मांडले, आणि सर्पगंधेचे नाव जगभर झाले. रक्तदाबावरील गुण होता तो त्याच मुळीतील दुसऱ्या द्रव्याचा, रिसर्पिनचा. अजमलीनचा गुण निराळाच निघाला. काळजातून वाहणाऱ्या विद्युल्लहरीची गती ते मंद करते. म्हणजे सापाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुळीत काळजाच्या बिघडलेल्या तालावरचे औषध दडलेले होते!

'विद्युल्लहर' हा शब्द ऐकून काहींना नवल वाटेल. काळजात वीज कोठून आली? त्याचे उत्तर मिळवायला पुष्कळ वर्षे लागली. १८३९ मध्ये पुर्किन्ये ह्या बोहेमियन शास्त्रज्ञाला मेंढीच्या हृदयात काही वेगळे तंतू दिसले; ते कशासाठी आहेत, हे त्याला उमगले नाही. १८९३ मध्ये विल्हेल्म हिस ह्याने वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी तंतूंची एक बारीक जुडी दाखवून दिली. १९०६ मध्ये जर्मनीत शिकत असलेला जपानी वैद्य सुनाओ तावारा ह्याने त्या जुडीच्या मुखाशी असलेली गाठ शोधली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील केंट परगण्यात मार्टिन फ्लॅक नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी, आपले गुरू आर्थर कीथ सायकलवर फेरफटका मारायला गेले असताना, बिळे करून राहणाऱ्या एका लहानशा प्राण्याचे काळीज सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला होता. उजव्या वरच्या कप्प्याच्या तोंडाशी त्याला एक चमत्कारिक रचना दिसली. तीच काळजाचा ताल धरणारी मूळ गाठ! १९०७ मध्ये गुरुशिष्यांनी तो शोध प्रसिद्ध केला.

तेव्हा रचना अशी: मूळ गाठीतून लहर निघते, वरच्या कप्प्यांवर पसरते, मधल्या गाठीशी क्षणभर थबकते आणि मग जुडीतून खालच्या कप्प्यांत उतरते. तेरेखोलच्या पात्रावर पूर्वी धक्क्याशी गर्दी थांबे, तर आली तशी पलीकडे जाऊ शकत नसे. होडीवाला बेताने माणसे सोडी. मधली गाठ हे त्या होडीवाल्याचे काम करते. वरच्या कप्प्यांत कितीही गोंधळ उडाला तरी खालच्या कप्प्यांवर त्याचा सगळा भार ती पडू देत नाही.

ही लहर कागदावर उतरवली ती डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोवेन ह्याने. त्याचा जन्म जावा बेटातील सेमारांगचा, १८६०चा. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने तयार केलेले यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसवीत. हे अवजड यंत्र रुग्णालयात नेणे शक्य नव्हते, आणि रुग्णांना प्रयोगशाळेत आणणेही कठीण. तेव्हा १९०५ मध्ये आइन्थोवेनने लायडनच्या रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत, सुमारे दीड किलोमीटर, टेलिफोनच्या तारेवरून काळजाची लहर आणली. १९२४ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आपण मुख्य मुद्द्याशी आलो. १९२८ साली बोस्टन शहरात पॉल डडली व्हाइट ह्या नामांकित हृदयरोगतज्ज्ञाकडे एक पस्तिशीचा माणूस आला. तो व्यायामशिक्षक होता, अंगाने धडधाकट. परंतु अधूनमधून त्याची नाडी बेफाम धावू लागे. त्याच्या आलेखात नेहमीपेक्षा काही वेगळे दिसले. व्हाइट, त्याचा सहकारी लुई वुल्फ आणि लंडनचा जॉन पार्किन्सन ह्या तिघांनी अशा अकरा रुग्णांची हकीकत १९३० मध्ये प्रसिद्ध केली. ह्या विकाराला आज त्या तिघांचीच नावे आहेत. पुढे कळले ते असे: काही माणसांच्या काळजात जन्मतःच वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारी एक जादा आडवाट असते. ती केसासारखी बारीक असते. तिच्यावर होडीवाला नसतो. लहर सरळ मार्गाने खाली उतरते, आडवाटेने वर चढते, पुन्हा खाली उतरते, आणि घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरू लागते. नाडी मिनिटाला १८०, २०० किंवा त्याहूनही वर जाते. कित्येकांच्या बाबतीत हा प्रकार आपोआप थांबतो. पण क्वचित, वरच्या कप्प्यांतील गोंधळ ह्याच वाटेने बेलगाम खाली उतरला, तर प्राणावरही बेतते. तरुण, धट्टेकट्टे माणूस अकस्मात कोसळते.

आडवाट किती धोक्याची आहे हे ताडून पाहण्यासाठी डॉक्टरांनी पुढे एक युक्ती वापरली. शिरेतून अजमलीन टोचले असता आडवाट बंद पडली, तर ती तुलनेने कमी धोक्याची मानावयाची. डच हृदयतज्ज्ञ हाइन वेलेन्स आणि त्याचे सहकारी ह्यांनी १९८० मध्ये ह्या परीक्षेविषयी लिहिले. अशा रीतीने आपल्या रानातील मुळीतून निघालेले द्रव्य युरोपच्या रुग्णालयांत काळजाच्या आडवाटा तपासू लागले.

परंतु तपासणे वेगळे आणि बंद करणे वेगळे. आडवाट तोडावयाची तर तिच्यापर्यंत पोहोचले पाहिजे. तो मार्ग एका साहसी तरुणाने पूर्वीच उघडला होता. १९२९ च्या उन्हाळ्यात जर्मनीतील एबर्सवाल्ड गावच्या लहानशा रुग्णालयात वेर्नर फोर्समान हा तरुण डॉक्टर काम करीत होता. शिरेतून नळी सरकवली तर ती काळजापर्यंत सुखरूप जाईल, अशी त्याची खात्री होती. वरिष्ठांनी मना केले होते. त्याने गेर्डा डिट्झेन ह्या परिचारिकेला आपल्या बाजूला वळवले. ती स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाली. त्याने तिला टेबलावर बांधले आणि तिच्या नकळत आपल्याच डाव्या दंडाची शीर उघडून ६५ सेंटीमीटर लांबीची नळी आत सारली! मग नळी आत असतानाच जिने उतरून तो क्ष-किरणांच्या खोलीत गेला आणि तिचे टोक काळजात पोहोचल्याचे चित्र त्याने काढून घेतले. त्याच्या वाट्याला मानाऐवजी उपेक्षाच आली, आणि तो मूत्ररोगांची चिकित्सा करू लागला. अमेरिकेत कूर्नां आणि रिचर्ड्स ह्यांनी त्याची पद्धत पुढे नेली, आणि १९५६ मध्ये तिघांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले.

आडवाट प्रथम तोडली गेली ती सुरीने. १९६८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात विल सीली ह्या शस्त्रवैद्याने एका कोळ्याची छाती उघडून त्याच्या काळजातील जादा वाट कापली, आणि तो बरा झाला. उपाय सापडला खरा; पण त्यासाठी छाती फोडावी लागे. प्रत्येकाला ते कसे झेपावे?

पुढची पायरी अपघाताने सापडली. १९७९ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी एक घटना नोंदवली. काळजात तपासणीची नळी असताना रुग्णाला विजेचा धक्का द्यावा लागला. तो प्रवाह नळीच्या टोकाशी पोहोचला आणि मधल्या गाठीचा मार्ग कायमचा बंद झाला. ही दुर्घटनाच होती. परंतु तिच्यातून एक विचार सुचला: जे चुकून झाले ते हेतुपूर्वक, नेमक्या ठिकाणी करता आले तर? १९८१-८२ च्या सुमारास अमेरिकेत शाइनमन आणि गॅलॅघर ह्यांनी वेगवेगळे तसे करून दाखवले. विजेचा धक्का मात्र फार आडदांड. त्याने आसपासचा भागही दुखावे. तेव्हा धक्क्याच्या जागी उच्च कंपनांचा प्रवाह आला. हे कंप सेकंदाला सुमारे पाच लाख असतात. आपण जो आकाशवाणीचा मध्यम लहरींचा पट्टा जाणतो, त्याच्या खालच्या टोकाशीच हे कंप येतात. ज्या जातीच्या लहरींवर गाणी आणि बातम्या घरोघर पोहोचल्या, त्याच जातीच्या कंपांनी काळजातील आडवाट बुजवली जाते!

हे काम चालते ते असे. जांघेतील शिरेतून बारीक नळ्या काळजापर्यंत नेतात. त्यांच्या टोकांशी धातूची कडी असतात. ती आतल्या लहरी टिपतात. लहर कोणत्या क्षणी कोठे पोहोचते हे पाहत पाहत आडवाटेची जागा हुडकतात. मग नळीचे टोक तिथे टेकवून प्रवाह सोडतात. तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तेवढ्या जागेतील पेशी निकामी होतात. डाग पडतो तो अवघा काही मिलिमीटरांचा. पुष्कळदा काही सेकंदांतच पडद्यावरील आलेख बदलतो आणि वर्षानुवर्षांची व्यथा तिथेच संपते. १९९१ मध्ये अमेरिकेतील जॅकमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १६६ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी १६४ जणांची आडवाट बंद झाली होती. १९९८ मध्ये बोर्दो शहरातील हायसागेर ह्याने दाखवून दिले की, उतारवयात पुष्कळांना जडणाऱ्या अनियमित तालाचे मूळ बहुधा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखाशी असते, आणि तिथेही हाच उपाय चालतो.

इथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. ही काही जादूची कांडी नव्हे. आडवाटेच्या विकारात यश फार मोठे आहे. उतारवयातील अनियमित तालात मात्र व्याधी पुन्हा उलटते आणि कधी पुन्हा उपचार करावे लागतात. रक्तस्राव, काळजाला छिद्र पडणे, मधली गाठच दुखावल्यामुळे कृत्रिम तालयंत्र बसवावे लागणे, असे धोके थोडे असले तरी आहेत. आणि सर्पगंधेची मुळी घरच्या घरी उगाळून घेणे तर सर्वथा टाळावे. तिने रक्तदाब एकाएकी खाली येतो, मनाला घोर उदासीनता येते. शिवाय वारेमाप खणल्यामुळे ती रानातून विरळ होत चालली आहे. १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

आता घराकडे परतू. पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ चे. मुक्तीनंतर, १९६३ मध्ये, त्याचे गोवा मेडिकल कॉलेज झाले, आणि आज ते बांबोळीच्या पठारावर आहे. ह्याच बांबोळीत पोर्तुगीजांचे बिनतारी केंद्र होते. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी ते बंद पाडले. आज त्याच पठाराकडे दुसऱ्या तऱ्हेचे संदेश येतात. हृदयविकाराच्या झटक्यासाठी गोव्यात जी योजना सुरू झाली, तिच्यामुळे गावोगावच्या आरोग्यकेंद्रांत काढलेला आलेख क्षणात बांबोळीच्या तज्ज्ञांपुढे ठेवता येतो. आइन्थोवेनची दीड किलोमीटरची तार आता साऱ्या गोव्यावर पसरली, असे म्हणायला हरकत नाही. आडवाट बुजविण्याचा उपचारही आता दुर्मीळ राहिलेला नाही. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील रुग्णालयांत तो नित्याचा झाला आहे.

मग उणीव कोठे आहे? ती अगदी पहिल्या पायरीवर आहे. ही व्यथा दहा मिनिटे येते आणि जाते. रुग्ण डॉक्टरपर्यंत पोहोचतो तोवर नाडी ताळ्यावर आलेली असते आणि आलेखही पुष्कळदा निर्दोष निघतो. मग सारे म्हणतात, "मनाचे खेळ आहेत." विशेषतः मुली आणि स्त्रिया ह्यांच्या बाबतीत हे वाक्य फार लवकर उच्चारले जाते. म्हणून सांगणे एवढेच की, व्यथा चालू असतानाच आलेख निघाला पाहिजे. जवळच्या आरोग्यकेंद्राकडे त्याच क्षणी धाव घ्यावी. ते जमले नाही, तर घरच्या माणसाने घड्याळ समोर ठेवून नाडी मोजावी, आकडा व वेळ कागदावर लिहून ठेवावी. डॉक्टरला तो कागद मोलाचा ठरतो. आणि छाती दुखत असेल, श्वास कोंडत असेल किंवा शुद्ध हरपली असेल, तर मोजत बसू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.

त्या मुलीचे तसेच झाले. शाळा सोडून चारपाच वर्षे झाल्यावर एकदा तिला डिचोलीला मामाच्या घरी असताना ती व्यथा आली. मामा शहाणा, त्याने तिला तडक आरोग्यकेंद्रात नेले. फडफडणारे पाखरू प्रथमच कागदावर सापडले. नाडी दोनशेच्या वर! पुढे एका मोठ्या रुग्णालयात तिची आडवाट बुजवली गेली. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. काही दिवसांनी ती आईसह मला भेटायला आली तेव्हा मी तिची क्षमा मागितली. ती हसली आणि म्हणाली, "सर, तुमका तरी खंय ठावूक होतां?"

ते खरेच होते. मला ठाऊक नव्हते. पण तिच्या आईला ठाऊक होते. तिने मला सांगितलेही होते. आज माझ्या वर्गातले एखादे मूल छातीवर हात ठेवून खाली बसले, तर मी परीक्षेचा विषय काढीत नाही. घड्याळ काढतो, त्याच्या मनगटावर तीन बोटे ठेवतो आणि मोजू लागतो.